चार केबली बदलल्या तरी स्पीकरची घूं जाईना, शेवटी सापडली ती अशी

घरात ३२ इंची टीव्ही, सासऱ्यांकडनं आलेला जुना स्टिरिओ ॲम्प (ॲम्प्लिफायर, आवाज मोठा करून स्पीकरला देणारा डबा), दोन लाकडी डब्याचे स्पीकर आणि केबलवाल्याचा सेट टॉप बॉक्स, एवढं मिळून आमचं होम थिएटर. विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांना तेवढं बास होतं, पण ॲम्प चालू केला की टीव्ही लागायच्या आधीच स्पीकरमधनं घूंऽऽऽ सुरू व्हायची आणि मग पूर्ण वेळ मागं ती चालूच. गाणं मोठ्यानं लावलं की कळायचं नाही, पण मालिकेत कोण दोन सेकंद गप्प बसलं की घूं. आई म्हणायची, अरे ते मधमाशांचं पोळं काढ की एकदाचं.

शेजारी तात्या राहतात, मिरजेत तंतुवाद्यांच्या कामात हयात गेली त्यांची, तंबोऱ्याची जवारी (तारेचा झंकार) काढून घ्यायला लोक लांबनं यायचे. एकदा मॅच बघायला आले, पाच मिनिटं बसले आणि म्हणाले, "बाळा, तुझा टीव्ही पांढरी पाचला लागलाय, पण जरा चढाय." मला वाटलं चेष्टा करायलेत. नंतर सहज मोबाईलवर ट्यूनरचं ॲप टाकून स्पीकरजवळ धरलं तर आकडा आला १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १०० कंपनं. आणि पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, त्या सप्तकात बसते ९८ हर्ट्झला. म्हणजे म्हातारा बरोबर, जरा चढाच होता. आपली लाईट ५० हर्ट्झची, त्याची दुप्पट १००, लहान स्पीकरमधनं ५० चा खर्ज नीट निघत नाही म्हणून वरचा १०० जास्त ऐकू येतो. थोडक्यात ती घूं टीव्हीतली नव्हती की गाण्यातली नव्हती, भिंतीतली लाईट स्पीकरमधनं गात होती. हे कळलं तेव्हा कळलं, पण त्याच्या आधी मी केबलीवर जे पैसे घालवले ते आधी सांगतो, कारण निम्मी जनता तिथंच अडकते.

टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातनं ॲम्पच्या लाल-पांढऱ्या भोकात जाणारी केबल, एवढाच विषय होता. पहिली घेतली ८० रुपयाची. घूं आली म्हणून दुसरी १५० ची, तेव्हा थोडा फरक पडला, खोटं कशाला बोलू. मग वाटलं दिशा बरोबर आहे, अजून महाग घेऊया, म्हणून तिसरी ४५० ची "डबल शिल्ड" लिहिलेली, आणि चौथी तर दुकानदारानं काउंटरखालनं काढली, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना, वर जाळीचं कापड, डबी अशी की आत मंगळसूत्र असावं, १२०० रुपये. लावली. घूं तेवढीच. बायकोनं किंमत विचारली तेव्हा मी ४०० सांगितली.

पुढं एका रविवारी वैतागून पहिली ८० वाली ब्लेडनं उभी चिरली आणि बघितलं तर आत मधल्या तारेभोवती केसासारख्या सात-आठ तारा नुसत्या तिरक्या गुंडाळलेल्या, मधे मोकळी जागा दिसतेय, कुंपणाला तारच नाही नुसते खांब उभे असल्यागत. शिल्ड म्हणजे ती बाहेरची गुंडाळी, तिचं काम बाहेरचा लाईटचा गोंगाट आत येऊ न देणं. ती नावाला असली तर घूं वाढते, म्हणून दुसऱ्या केबलीला फरक पडला. पण १५० वालीत दाट विणलेली जाळी होती आणि तिथनं पुढं शिल्डचा प्रश्नच शिल्लक नव्हता, उरलेली घूं वेगळ्याच वाटेनं येत होती. सोन्याच्या मुलाम्यानं पिन गंजत नाही, कोकणात किंवा पाटणकडं पावसाळ्यात ते खरंच कामाचं आहे, पण मुलामा घूं थांबवत नाही.

तर आता तपासणी, हीच आधी करायची होती. ह्याला पैसे लागत नाहीत, फक्त केबल काढाय-घालायच्या आधी दरवेळी ॲम्प बंद करा, कारण त्या लाल-पांढऱ्या पिनेची रचनाच अशी उलटी आहे की मधली काडी आधी टेकते आणि बाहेरचं कडं नंतर, त्यामुळं चालू ॲम्पला पिन घातली की धडाऽम करून आवाज येतो आणि स्पीकर जायची वेळ येते.

पहिलं, ॲम्पच्या मागच्या सगळ्या केबली काढा, फक्त स्पीकर राहू दे, आणि चालू करा. घूं तरीही आहे का? असेल तर केबलीचा काही संबंध नाही, ॲम्पच्या आतले मोठे कपॅसिटर (करंट साठवणारे गोल डबे) सुकलेत बहुतेक, जुन्या ॲम्पला ते होतंच, रिपेअरवाल्याकडं न्या. आणि तिथंही स्वतः झाकण उघडून हात घालू नका, बंद केल्यावरसुद्धा त्या कपॅसिटरमधे करंट थांबून राहतो. माझा ॲम्प एकदम गप्प होता, म्हणजे तो निर्दोष.

दुसरं, केबल लावा आणि व्हॉल्यूमचं बटण फिरवा. घूं बटणाबरोबर कमीजास्त होत असेल तर ती आत येणाऱ्या केबलीतनं येतेय. बटण शून्यावर आणूनही तेवढीच राहत असेल तर पुन्हा ॲम्पवर संशय. माझी बटणाबरोबर वाढत होती.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. सगळं चालू ठेवून, ॲम्पची लाल-पांढरी केबल सोडून, टीव्ही आणि सेट टॉप बॉक्सला जोडलेल्या बाकीच्या वायरी एकेक करून काढा. मी पेनड्राइव्ह काढला, काही नाही. वायफायचं डबडं बंद केलं, काही नाही. मग सेट टॉप बॉक्सच्या मागनं केबलवाल्याची ती जाड काळी वायर, पेचाची, ती फिरवून काढली आणि घूं जागेवर मेली. एकदम. खोलीत पंख्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला मला. परत लावली, घूं. काढली, गप्प. चार वेळा केलं, आईला बोलावून दाखवलं, आई म्हणाली मग तीच काढून टाक की, आणि मालिका कशावर बघू ते पण सांग.

आता हे का होतं ते समजून घेतलं तर पुढची खरेदी सोपी जाते. माझ्या ॲम्पला तीन पिनांचा प्लग आहे, म्हणजे त्याची बॉडी घरच्या अर्थिंगला जोडलेली. केबलवाल्याची वायर तिकडं कुठंतरी गल्लीच्या टोकाला त्याच्या बूस्टरच्या डब्यापाशी वेगळ्या अर्थिंगला टेकलेली. दोन अर्थिंग म्हणजे दोन विहिरी समजा, दोन्हीत पाणी आहे पण पातळी बरोबर सारखी नसते, आणि मधे पाईप टाकला की पाणी इकडनं तिकडं वाहणारच. तो पाईप म्हणजे माझी लाल-पांढरी केबल. ह्या केबलीत बाहेरचं शिल्ड हीच आवाजाची परतीची वाट पण असते, त्यामुळं शिल्डमधनं जो लाईटचा बारीक करंट वाहतो तो आवाजातच मिसळतो. मेकॅनिक लोक ह्याला ग्राउंड लूप म्हणतात. आता सांगा, पाईप सोन्याचा केला म्हणून पाणी वाहायचं थांबेल काय?

डिश असली तरी हे होऊ शकतं, गच्चीवरची छत्री लोखंडी कठड्याला ठोकलेली असते. आणि ज्यांचं सगळंच दोन पिनांचं आहे, टीव्ही दोन पिनांचा, ॲम्प दोन पिनांचा, त्यांना बहुतेक वेळा हा लूप होत नाही, पण सेट टॉप बॉक्सच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात ते वेगळं, ती त्याच्या आतल्या पॉवर सप्लायची बारीक गळती असते.

इथं एक इशारा. आमच्या ओळखीच्या वायरमननं बघितल्या बघितल्या सांगितलं, ॲम्पच्या प्लगची ती जाड पिन कापून टाका, घूं जाते. जाते, खरंच जाते, कारण एक विहीर तुटते. पण ती पिन कशासाठी आहे? उद्या आत कुठं फेज बॉडीला टेकला तर करंट अर्थिंगनं जाऊन फ्यूज उडावा म्हणून. पिन कापली तर तोच करंट पत्र्यावर उभा राहणार आणि पहिला जो हात लावेल त्याच्यातनं जाणार, आमच्यात तो हात सहा वर्षाच्या पोराचा आहे. त्यामुळं पिन कापायची नाही, प्लगवर चिकटपट्टी लावायची नाही आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात घुसवायचा नाही.

एक फुकटचा उपाय आधी करून बघा, टीव्ही, बॉक्स आणि ॲम्प तिन्ही एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, तिसऱ्या भोकाला खरंच अर्थिंग आहे ना हे वायरमनकडनं मीटर लावून बघून घ्या, बऱ्याच घरात भोक असतं आणि मागं वायरच नसते. वेगवेगळ्या खोलीतल्या बोर्डांमुळं लूप असेल तर एवढ्यानं जाईल. माझी थोडी कमी झाली पण गेली नाही, कारण दुसरी विहीर गल्लीच्या टोकाला.

मग आले दोन पैशाचे उपाय. एक म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर, आवाज चुंबकातनं पलीकडं जातो पण तारेला तार जोडलेली नसते. गाडीच्या टेपला पण हेच लावतात, त्यामुळं कार ॲक्सेसरीवाल्याकडं मिळतं, मला ३५० ला मिळालं. मधे लावलं आणि घूं साफ गेली. पण स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरला खालचा बास पेलत नाही, ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं तर ढोल डब्यासारखा वाटला. बातम्या आणि मालिका बघणाऱ्या घराला हे चालतंय, मला नाही चालत म्हणून मी पुढं गेलो.

दुसरा उपाय ऑप्टिकल. टीव्हीच्या मागं एक चौकोनी भोक असतं, झडप असलेलं, आतनं लाल उजेड येतो, आपल्यातल्या बहुतेकांनी ते कधी वापरलेलं नाही. तोशिबानं १९८३ साली काढलेलं हे, म्हणून त्याचं नाव टॉसलिंक. ह्या केबलीत तांबंच नसतं, प्लास्टिकच्या दोऱ्यातनं उजेड जातो, मग दोन विहिरी जोडायचा प्रश्नच येत नाही. ह्यात महाग-स्वस्त बघायची गरज नाही, दीड-दोन मीटरला साधी २५० ची केबल १२०० वालीएवढंच काम करते, फक्त टोकाच्या बारीक प्लास्टिकच्या टोप्या काढायला विसरू नका (मी विसरलो होतो, अर्धा तास टीव्हीच्या सेटिंगला शिव्या घातल्या) आणि कोपऱ्यात ती सुतळीसारखी दुमडू नका. जुन्या ॲम्पला ऑप्टिकलचं भोक नसतं, मग मधे उजेडाचा परत आवाज करणारी डबी लागते, डॅक म्हणतात, ६०० ला मिळाली. टीव्हीच्या सेटिंगमधे जाऊन डिजिटल आउटपुट पीसीएम करायचं, नाहीतर टीव्ही डॉल्बी पाठवतो आणि स्वस्तातल्या डबीला ते समजत नाही, नुसती शांतता. आणि बऱ्याच टीव्हींचा रिमोट मग ऑप्टिकलचा व्हॉल्यूम बदलत नाही, ॲम्पचंच बटण उठून फिरवावं लागतं, आईला हे आजपण पटलेलं नाही.

तर हे सगळं लावलं आणि घूं गेली. बास पण पूर्ण. तात्यांना बोलावून ऐकवलं, त्यांनी स्पीकरला कान लावला आणि मान हलवली. आठवडाभर मी गल्लीत मिरवलो.

आणि मग पुढच्या रविवारी घूं परत आली.

मी काहीच बदललेलं नव्हतं, असं माझं म्हणणं होतं. केबली तपासल्या, टोप्या बघितल्या, अर्थिंग बघितलं, केबलवाल्याला फोन केला, तो म्हणाला आमच्याकडनं काही नाही. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी बायको म्हणाली, तू शनिवारी मागच्या वायरी आवरल्यास तेव्हा तो चार्जर काढून माझ्या फोनला दिलास ना? आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डॅकच्या डबीला पाच व्होल्ट लागतात, आधी तिला मोबाईलचा चार्जर होता, आवरताना एक वायर कमी दिसावी म्हणून मी ती टीव्हीच्याच यूएसबीला लावली. यूएसबीच्या वायरीत पॉवरबरोबर ग्राउंडची तार पण असते. म्हणजे उजेडाची केबल टाकून पुढचं दार बंद केलं आणि यूएसबी लावून मागचं दार मीच उघडलं. चार्जर परत भिंतीला लावला, घूं गेली. बायकोला नवीन चार्जर आणून दिला. ज्या कुणाची ऑप्टिकल लावून पण घूं जात नाही त्यांनी सगळ्यात आधी हेच बघा.

अजून दोन गोष्टी घूंसारख्याच वाटतात पण वेगळ्या आहेत. लाईट गेली आणि इन्व्हर्टरवर आलं की स्पीकरमधनं घुर्रर्र असा जाड खरखरीत आवाज, पंखा पण तसाच कण्हतो. ते स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरमुळं, त्याची लाईट गोल लाटेसारखी नसते, पायऱ्यासारखी असते. त्याला केबलीचा उपाय नाही, साईन वेव्ह इन्व्हर्टर हाच उपाय, आणि स्पीकरच्या घुर्रर्रसाठी कोण इन्व्हर्टर बदलत नाही, मी पण नाही बदलला. दुसरं म्हणजे गोल फिरवायचा जुना पंख्याचा रेग्युलेटर किंवा लाईटचा डिमर. तो अर्ध्यावर असला की झिंऽऽ, फुल केला की गप्प. ओळखायला सोपं.

आता खरेदी. ह्यात दुकानदार काय सांगतो त्यापेक्षा कात्री आणि ब्लेड काय सांगतं ते ऐका.

लाल-पांढरी केबल १५०-२०० च्या पुढं घ्यायची गरज नाही, लागेल तेवढीच लांब घ्या, दीड मीटरचं काम असताना पाच मीटरची घेऊन मागं वेटोळं घालून ठेवायचं नाही. लाईटच्या वायरीला चिकटून समांतर नेऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. दुकानातच पिनेच्या मागची मान हलवून बघा, निम्म्या केबली तिथंच मरतात. घरी मल्टीमीटर असेल तर बीपवर ठेवून काडीला काडी, कड्याला कडं वाजलं पाहिजे आणि काडीला कडं वाजता कामा नये, वाजवताना केबल हलवत राहा, बीप तुटत असेल तर परत द्या.

हेडफोनच्या भोकात जाणारी पिन पूर्ण आत जातेय ना बघा, टीव्ही भिंतीला टेकलेला असला की ती दोन मिलिमीटर बाहेर राहते आणि मग एक भारी गंमत होते, गाणं वाजतं पण गाणारा गायब, बातम्यांचं म्युझिक येतं पण बातम्या देणारी बाई गायब. भूत नाही ते. ग्राउंडची तार सुटली की दोन्ही बाजूंचा फक्त फरक ऐकू येतो, आणि माणसाचा आवाज दोन्हीकडं सारखा असतो म्हणून तो एकमेकात वजा होऊन जातो. पिन दाबा नाहीतर केबल बदला. हेडफोनचं भोक वापरत असाल तर टीव्हीचा व्हॉल्यूम ७०-८० वर ठेवून कमीजास्त ॲम्पवर करा, उलटं केलं तर स्सऽऽ वाढतं.

स्पीकरच्या वायरीत मात्र फसवणूक जास्त आहे म्हणून इथं जरा लांबण लावतो. ऑनलाइन मिळणारी ती पारदर्शक, एका बाजूला तांबडी एका बाजूला पांढरी दिसणारी जाड वायर, १५ मीटर एवढ्याला, भारी दिसते. त्यातली बरीचशी आत ॲल्युमिनियम असते, वरनं तांब्याचा पातळ थर. हातात घेतली की हलकी लागते. एक तार घेऊन ब्लेडनं खरवडा, आतनं चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियम. उलटं, वरनं चंदेरी आणि खरवडल्यावर आत तांबूस असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, ते चांगलं, त्याला हाकलू नका. ॲल्युमिनियम लावलं म्हणून स्पीकर जळत नाही, पण तांब्याच्या मानानं ते साधारण निम्म्याहून थोडं जास्तच काम करतं, म्हणून एक साईज जाड घ्यावी लागते, आणि दोन-तीनदा वाकवलं की तार तुटते.

मी शेवटी इलेक्ट्रिकलच्या दुकानातनं साधी दोन कोअरची फ्लेक्झिबल तांब्याची वायर घेतली, आयएसआय मार्कची, तीच जी मिक्सर-टेबलफॅनला लावतात. स्पीकरला त्यात काहीही कमी नाही. जुन्या दुकानात अजून २३/७६, ४०/७६ अशी भाषा चालते, ४०/७६ म्हणजे आत ४० तारा आणि प्रत्येक तार ०.००७६ इंच जाड, ती साधारण १ स्क्वेअर एमएमच्या थोडी वर भरते, २३/७६ पाऊणच्या थोडी खाली. हिशोब असा की वायरीचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा, तो ओहममधे मोजतात) स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्याच्या आत राहिला की कानाला काही कळत नाही. १ स्क्वेअर एमएमच्या वायरीला किलोमीटरला १९.५ ओहम, जाऊन येऊन दुप्पट, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला १० मीटरपर्यंत बिनधास्त, ४ ओहमच्या स्पीकरला ५ मीटर. त्याच्यापुढं जायचं असेल तर दीड एमएम घ्या, ती ४ ओहमला साडेसात मीटर चालते. आपल्या खोल्या केवढ्या असतात? स्पीकरच्या मागं ओहम छापलेले असतात, बघून जा. आणि दोन्ही स्पीकरची वायर सेम लांबीची पाहिजे असं कोण म्हणालं तर हो म्हणा आणि सोडून द्या, माझी एक दोन मीटर आहे आणि एक सहा.

जुनी वायर वापरणार असाल तर एक बघाच. सासरवाडी सांगलीवाडीला, २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात खालच्या खोलीत पाणी होतं, ॲम्प आणि स्पीकर माळ्यावर होते म्हणून वाचले आणि वायर खाली भिंतीला होती ती भिजली. वाळल्यावर वरनं एकदम चांगली दिसत होती म्हणून मी तीच लावली. पावसाळा आला की डावा स्पीकर बारीक आणि खरखर, उन्हाळ्यात ठीक. टोक कापून बघितलं तर आतलं तांबं काळंकुट्ट, थोडं हिरवं. अजून चार बोटं कापलं, काळंच. हातभर कापलं तरी काळंच, तारांच्या मधल्या फटीतनं पाणी आत चढत गेलेलं. सासरे म्हणाले, बास आता, सगळीच वायर कापून टाकशील. टाकलीच शेवटी.

वायर जोडताना अधिकला अधिक, उण्याला उणं, दोन्ही स्पीकरला सारखं. एक उलटा लागला तर आवाज येतो पण बास हरवतो, कारण एक पडदा पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो. खूण नसेल तर ॲम्पपासनं वायर काढून तिच्या टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, सेलचं अधिक टोक जिकडं लावल्यावर पडदा बाहेर येतो ती बाजू अधिक. सेल लावून धरू नका, नुसता टेकवा.

ज्यांच्याकडं साऊंडबार आहे त्यांना ह्यातलं बरंचसं लागतच नाही, टीव्हीवर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलीतनं उलटा साऊंडबारला पाठवायची सोय) लिहिलेल्या एचडीएमआय भोकात साधी चांगली एचडीएमआय केबल लावा आणि सेटिंगमधे सीईसी (एका रिमोटवर दोन्ही चालवायची सोय) चालू करा, प्रत्येक कंपनी त्याला स्वतःचं वेगळं नाव देते एवढाच ताप. एआरसी २००९ पासनं आहे, दुसऱ्या भोकात लावून आवाज येत नाही म्हणून नवीन केबल घेणारे मी दोन तरी बघितलेत.

आणि शेवटचं, तासगावच्या साडूचं. त्यांचा फोन आला की तुझ्यासारखीच घूं आमच्याकडं पण आहे, ऑप्टिकल मागवू का. म्हटलं आधी आवाज ऐकवा. फोन स्पीकरला धरला तर ती घूं नव्हतीच, टर्रर्रर्र होती, चॅनल बदललं की टर्र पण बदलायची. त्यांच्या सेट टॉप बॉक्सला हेडफोनसारखी एकच पिन आणि पुढं पिवळी-लाल-पांढरी अशा तीन, ती केबल हरवली म्हणून त्यांनी कॅमेऱ्याबरोबर आलेली लावली होती. दिसायला दोन्ही सारख्या, पण चार कड्यांच्या त्या पिनेत कुठल्या कड्यावर चित्र आणि कुठल्यावर आवाज हे प्रत्येकजण आपापल्या मनानं ठरवतो, त्यामुळं ॲम्पमधे आवाजाच्या जागी चित्र घुसलं होतं. त्यांना म्हटलं रंग विसरा, तिन्ही पिना आलटूनपालटून लावून बघा. टीव्हीच्या पिवळ्या भोकात लाल पिन गेली तेव्हा चित्र पण आलं आणि टर्र पण गेली. कधी कधी पिनेचं ग्राउंडच वेगळ्या कड्यावर असतं, मग कशीही फिरवली तरी जमत नाही आणि त्या बॉक्सचीच केबल घ्यावी लागते, पण त्यांचं फुकटात भागलं.

माझ्याकडं आता एवढंच राहिलंय की व्हॉल्यूमचं ते बटण फिरवताना खर्रर्र होतं. ते आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसल्यामुळं, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणून ठेवलाय, रिपेअरवाल्याकडं एकदा उघडून घ्यायचाय. तोपर्यंत आईला सांगितलंय, बटण हळू फिरव.